चुंबकावरचा जिना

पडकी घरं रंगवणं हा माझा धंदा. हसू नका, याचा पगार मिळतो.

चांगली शिकलेली, नोकरीतली, पोट सुटलेली माणसं सुट्टीच्या दिवशी एका मोठ्या टेबलाभोवती जमतात. अंगठ्याच्या पेराएवढे शिपाई मांडतात, टेपने अंतर मोजतात, फासे टाकतात आणि एकमेकांची फौज कापून काढतात. संध्याकाळी मेलेले शिपाई फोमच्या डब्यात परत जातात आणि माणसं जेवायला आपापल्या घरी. या खेळावर माझा राग नाही. माणसं याहून वाईट उद्योग करतात आणि त्यांना फासेसुद्धा लागत नाहीत.

पण शिपाई म्हटला की त्याला आडोसा लागतो, आणि आडोसा म्हणजे आमचं दुकान. आम्ही घरं छापतो. मशीन रेझिनच्या, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या टाकीतून थरावर थर चढवत राखाडी घर वर काढतं, मी त्याला रंग देतो. धड घर विकलं जात नाही. छप्पर असलं की खेळणाऱ्याचा हात आत जात नाही. एक बाजू कोसळलेली, मजले उघडे पडलेले, असं घर हवं. दुसऱ्या मजल्यावर नेमबाज ठेवला की खालचं सगळं पटांगण त्याच्या माऱ्यात.

दुकानात आम्ही चौघं. मालक. कॉम्प्युटरवर घरं तयार करणारा, त्याला सगळे फाइलवाला म्हणतात. वाळूताई, म्हणजे घराच्या आणि शिपायांच्या पायाखालची जमीन करणारी बाई. चहाच्या गाळणीतून वाळू चाळते, वाळवलेल्या चोथ्याचा पाचोळा करते, पांढऱ्या गोंदावर सगळं पेरते. आणि मी. मला ब्रश म्हणतात. बारीक काम करताना ब्रशला टोक काढायचं तर ते ओठांत धरून काढतो, त्यामुळे दिवसभर माझे ओठ कुठल्या ना कुठल्या रंगाचे असतात. मालक मात्र मला 'कलाकार' म्हणतो. तो कलाकार म्हणाला की समजावं, रविवारी कामावर यायचंय.

संच सात, म्हणजे आमच्या यादीतलं सातवं घर, मशीनमधून मंगळवारी निघाला.

छापताना मशीन घराला टेकू म्हणून बारीक काड्या लावतं. त्या नंतर कापाव्या लागतात. ते काम माझ्याकडे, कारण फाइलवाल्याने कापल्या तर भिंतीचे लचके निघतात. कापता कापता माझं बोट एका खिडकीत गेलं. खिडकी कसली, दोन खोल्यांमधल्या भिंतीत पाडलेलं भोक, स्वयंपाकघरातून ताटं बाहेर द्यायला. ते तिरकं होतं. डावी बाजू उजवीपेक्षा आखूड. फाइल बिघडली म्हणून मी हाक मारणार होतो, तोच हात थांबला.

एकवीस वर्षं माझं ताट या भोकातून आलं होतं.

ते माझ्या बाबांनी पाडलेलं. बाबा रंगारी. लोकांच्या घरी छताला पट्टी मारायचे तर दोरी न लावता सरळ मारायचे, पण छिन्नी हातात घेतली आणि वाट लागली. शेजारी म्हणायचे, रंगाऱ्याने गवंडीकाम केलं की असं होतं. आई म्हणायची, "भोक तिरकं असू दे, जेवण सरळ येतंय ना?"

मग मी जिना उचलला. जिना सुटा छापलेला होता. पायऱ्या मोजल्या. अकरा, आणि वर एक अर्धी. बांधणाऱ्याचं माप चुकलं होतं, त्याने शेवटच्या पायरीत भागवलं. पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आई वरून ओरडून सांगायची, "शेवटची अर्धी आहे हं!" आणि तरी प्रत्येक पाहुणा तिथेच ठेचकाळायचा. आता ती पायरी तांदळाच्या दाण्याएवढी होती. मी नखाने चाचपून बघितली. अर्धीच होती.

आठ वर्षांपूर्वी, सकाळी साडेनवाला, आमच्या इमारतीने आवाज केला. लाकूड मोडल्यासारखा. सगळी माणसं खाली अंगणात धावली. आम्हीही. सगळे वाचले. तेवढ्यात आई बाबांना म्हणाली, "अहो, गॅस चालू राहिला वाटतं." बाबा वर गेले. जिना त्यांच्यासकट आला खाली. नंतर मागची अर्धी इमारत.

गॅस बंद होता. तिनेच बंद केला होता.

त्यानंतर आमच्या घरी गॅसचा विषय निघत नाही. भाड्याच्या खोलीत आम्ही विजेच्या शेगडीवर रांधतो.

मी जिना हातात घेऊन फाइलवाल्याकडे गेलो.

"हे घर कुठलं?"

"संच सात."

"अरे, पण कुठलं?"

"पडलेलं," तो म्हणाला. डोळे पडद्यावरच. "जुन्या बातमीचे फोटो आहेत. चौकशीवाल्यांनी का कुणी चारी बाजूंनी काढून ठेवलेत. साठ-सत्तर फोटो मिळाले की कॉम्प्युटर आपोआप घर उभं करतो. म्हणजे, पडकं उभं करतो." स्वतःच्या विनोदावर तो हसला. "धड घराचे फोटो काढायला गेलो ना भाऊ, तर माणसं विचारतात, कोण तुम्ही, कशाला काढताय? पडलं की कुणी विचारत नाही."

"आणि हा जिना सुटा का?"

आता त्याने खुर्ची वळवली. "तीच तर गंमत! फोटोत तो ढिगाऱ्यात पडलाय. मी उचलून जागेवर बसवला, मागे चुंबक. तोफगोळा लागला की फासा टाकायचा. एक पडला, की जिना खाली आणि त्याच्यावरचा शिपाई बाद. असा जिना कुणाकडेच नाही. कसं वाटतंय?"

तो मुद्दाम वर्मावर मारत होता असं नाही. त्याला माहीतच नव्हतं. मी सांगितलं नाही. त्याला सांगायचं म्हणजे तो 'सॉरी भाऊ' म्हणणार, आणि मग मला 'असू दे' म्हणावं लागणार. माझी 'असू दे' म्हणायची तयारी नव्हती.

मी मालकाला सांगितलं. दार लावून, उभ्यानेच. घर आमचं आहे, बाबा या जिन्यावर गेले, हा संच काढू नका.

मालकाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, माणूस आहे. मग तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अरे, मग तर हे तुझ्याइतकं खरं दुसरं कोण रंगवणार?"

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं ऐकली होती. हा मेलेल्याच्या पोरालाच रवी धरायला लावत होता.

"मालक, मी नाही रंगवणार."

"बरं. नको रंगवू. फाइलवाला रंगवेल." त्याने चष्मा पुसला. "हे बघ, मी काय राक्षस नाही. रविवारी प्रदर्शन आहे. तिथे सातला गिऱ्हाईक मिळालं नाही, तर मी स्वतः फाइल पुसतो. तुझ्यासमोर पुसतो. मिळालं, तर मात्र तू मध्ये यायचं नाहीस. बोल."

हे मी कबूल केलं. कारण मला लगेच एक गोष्ट सुचली होती. गिऱ्हाईक रेझिन विकत घेत नाही, नमुन्याचा रंग विकत घेतं. राखाडी घर आणि राखाडी घर यांत डोळसालाही फरक कळत नाही. नमुना मेलेला असला तर संच मेला. मी म्हणालो, "बरं, मीच रंगवतो."

मालक म्हणाला, "शाब्बास, कलाकार."

वाईट रंगवायला मी दोन दिवस घेतले. चांगलं रंगवणाऱ्याला वाईट रंगवणं सोपं नसतं, हे त्या दोन दिवसांत कळलं. काळ्या फवाऱ्याने सगळं घर काळं केलं. त्यावर सुक्या ब्रशने राखाडी ओढला, कडांवर जरा फिका, खाली मातकट भुरका. बस. भिंतीला भिंतीचा रंग नाही, लाकडाला लाकडाचा नाही. शेणाचा गोळा वाळल्यासारखं घर. वाळूताईने खाली ढिगारा पेरला आणि घराकडे बघून म्हणाली, "तब्येत बरी आहे ना रे तुझी?"

"का?"

"वांती झाल्यासारखं रंगवलंयस."

"पडकं घर आहे ताई. लग्नघर नाही."

"पडलं तरी आधी कुणाचं तरी घर होतं ना," ती म्हणाली आणि गाळणी आपटून साफ करायला लागली. तिला काही ठाऊक नव्हतं. पण मी घर उचलून तिच्यासमोरून बाजूला ठेवलं.

शुक्रवारी दुपारी मालकाने नमुना बघितला. तोंड वाकडं केलं. माझ्याकडे बघितलं नाही, फाइलवाल्याला म्हणाला, "जरा भिंतीला रंग मार रे. आतून तरी घर वाटू दे."

फाइलवाल्याने रॅकवरून पहिली हाताला लागली ती बाटली उचलली. हिरवा. तयार, कारखान्यातला, पोहण्याच्या तलावासारखा स्वच्छ हिरवा. जाड ब्रश बुडवला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक फटकारा ओढला.

इथे माझी चूक झाली. त्याने आख्खी भिंत तशी रंगवली असती तर माझं काम फत्ते होतं. त्या हिरव्यात ते घर कुणी फुकट नेलं नसतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. लहान मुलालाही जमलं असतं.

"हा नाही," मी म्हणालो.

"काय?"

"हा हिरवा नाही. सरक."

आमच्या घराचा रंग कुठल्याच डबीत नव्हता. बाबा लोकांची घरं रंगवून उरलेला तळाचा रंग डब्यात जमा करायचे. कुणाचा बैठकीचा पिवळा, कुणाच्या दवाखान्याचा निळा, शाळेचा हिरवट, कुणाच्या फाटकाचा चॉकलेटी. तीन-चार वर्षांनी सगळं एका बादलीत ओतायचे, काठीने ढवळायचे आणि जो रंग होईल तो आमच्या भिंतीला. "असा रंग पैसे टाकून मिळत नाही," म्हणायचे. खरंच मिळायचा नाही. एकदा राखेत गुलाबी पडल्यासारखा झाला होता. एकदा मोहरीसारखा. शेवटचा होता तो हिरवा, पण आत कुठेतरी निळसर, आणि संध्याकाळी दिवा लागला की चक्क तपकिरी वाटणारा.

मी तो रंग काचेवर मिसळायला लागलो. सात थेंब लागले. आठवा जास्त झाला, पुसलं, पुन्हा मिसळलं. भिंत फक्त. एवढी एक भिंत नीट करतो आणि थांबतो, असं मी मला सांगितलं.

पण भिंत तुटलेली होती. तुटलेल्या भिंतीच्या कडेला आधीचे रंग दिसतात, एकाखाली एक, कापलेल्या कांद्यासारखे. ते न दाखवता कसं सोडणार? वर हिरवा. त्याखाली मोहरी. त्याखाली राख-गुलाबी. त्याखाली चुना. केसाएवढ्या रेषा, डोळ्याला भिंग लावून. मग शेगडीच्या वरचा काळा पट्टा. मग तिरक्या भोकाच्या खालच्या काठावर ताटं घासून उडालेला रंग. मग खिडकीखाली एक वाळलेला ओघळ, कारण लोकांच्या फरशीवर थेंब सांडू न देणारा माणूस स्वतःच्या घरी ओघळ तसेच सोडून द्यायचा आणि हसायचा.

दिवस मावळला तेव्हा फाइलवाला माझ्या मागे उभा होता. बराच वेळ उभा असावा.

"भाऊ," तो हळू म्हणाला, "इथे कोणी राहत होतं असं वाटतंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझे ओठ हिरवे झाले होते. जिना मी सगळ्यात शेवटी रंगवला, आणि हात थरथरला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच. काम छान चाललं होतं. मला आनंद होत होता.

प्रदर्शनाचे दोन पास मालकाने प्रत्येकाला दिले होते. माझे मी ड्रॉवरमध्ये टाकले. आईने कधी माझं काम बघितलं नव्हतं. तिला वाटायचं, मी खेळणी रंगवतो; ते वाटणं बरंच होतं.

वाळूताईचे पास उरले होते. तिने आईला फोन केला. "अहो चला की! मुलाचं काम कधी बघणार तुम्ही? काय जीव ओतलाय त्याने!"

मी आईला पाहिलं तेव्हा ती हॉलमध्ये अर्ध्यापर्यंत आली होती. चांगली साडी, हातात पर्स, बाजूला वाळूताई. मी स्टॉलच्या आतल्या बाजूला, पुढे गिऱ्हाइकांची भिंत. संच सातच्या टेबलाशी सगळ्यात जास्त गर्दी होती. मालकाने तिथे दोन खेळाडू बसवले होते, चालू डाव दाखवायला. एक दाढीवाला, एक जाड चष्म्याचा. चांगली माणसं होती दोघं. जिन्यावर एक शिपाई उभा होता, लाल डगला घातलेला.

मी "आई!" अशी हाक मारली. हॉलच्या गोंगाटात तिला ती ऐकू गेली नाही.

ती टेबलाशी आली. आधी तिने घराकडे बघितलंच नाही, वाळूताई दाखवत होती ती जमीन बघत होती. "ही बघा, ही धूळ माझी. हा चहाचा चोथा." आई हसली. मग तिची नजर वर गेली. भिंतीवर. कडेवरच्या रेषांवर. हिरवा, मोहरी, गुलाबी, चुना. तिने वाकून तिरक्या भोकातून पलीकडे बघितलं, कुणाला ताट द्यायचं असल्यासारखं.

दाढीवाल्याने फासा टाकला. "एक!" तो ओरडला. "गेला जिना!"

चष्मेवाल्याने दोन बोटांनी जिना उपटला, 'टक' असा आवाज झाला. शिपाई आडवा पडला. तो त्याने बाजूला काढून ठेवला. बघणारे हसले, कुणी टाळी वाजवली.

आई म्हणाली, "परत लावता येतो?"

"काय म्हणालात काकू?"

"जिना. परत लावता येतो?"

"हो, येतो की! चुंबक आहे." चष्मेवाल्याने कौतुकाने जिना तिच्या हातात दिला. "बघा लावून."

तिने लावला. टक. मग आडवा शिपाई उचलला आणि जिन्याच्या खाली, अंगणात ठेवला. आणि जिन्यावर तळहात दाबून धरला.

दोघं थांबले. पाच-दहा सेकंद गंमत वाटली. मग दाढीवाला म्हणाला, "काकू, हात काढता का? डाव चालू आहे."

आईने हात काढला नाही.

"काकू, मोडेल हो ते. नाजूक असतं."

"नाही मोडत," आई म्हणाली. "मी धरलाय."

गर्दी मागे सरकली, माणसं एखाद्या विचित्र बाईपासून सरकतात तशी. वाळूताई माझ्याकडे बघत होती, तोंड उघडं. मालक माझ्या कानाशी आला. आवाज अगदी गोड. "कलाकार, तुझी आई आहे ना ती? जरा बाजूला ने. गिऱ्हाईक आहे समोर."

आणि मी गेलो. हे सांगायचं नव्हतं, पण मग बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मी मालकाच्या तोंडावर थुंकलो नाही, टेबल उलथलं नाही. मी गेलो आणि आईची बोटं जिन्यावरून सोडवली. करंगळी आधी. एकेक करून. तिने जोर लावला होता. तळव्यावर पायऱ्यांचे वळ उठले होते.

"चल आई," मी म्हणालो. "चल, लोक बघतायत."

ती आली. मागे 'टक' आवाज झाला.

घरी जाताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तो सुटा कोणी केला?"

"मी नाही. फाइलवाल्याने. त्याला माहीत नव्हतं."

"रंग तूच दिलास ना?"

"हो."

"बरोबर दिलायस. तुझ्या बाबांनाही असा जमला नसता." ती बाहेरच बघत होती. "राखाडी असतं तर मी पुढे निघून गेले असते रे. मला काय कळणार होतं? रंगाने ओळखलं मी."

दोन स्टॉप गेले. मग ती म्हणाली, "गॅस मी बंद केला होता."

"माहीत आहे आई."

"तुला माहीत आहे हे मला माहीत आहे," ती म्हणाली.

चाळीस लोकांनी संच सात मागितला. रंगवलेलाच हवा, नमुन्यासारखाच, भिंतीच्या त्या रेषांसकट. मालकाने मला बोलावून आठवण करून दिली. "शब्द दिला होतास. मध्ये यायचं नाही."

"नाही येत," मी म्हणालो.

वाळूताई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. "मला सांगायचं होतंस रे."

"सांगून काय झालं असतं?"

"आणलं नसतं तिला."

"हो," मी म्हणालो. तिचं काही चुकलं नव्हतं. चुकलं असतं तर बरं झालं असतं, कुणावर तरी ओरडता आलं असतं.

चाळीस घरं मी महिनाभर रंगवली. एकही भिंत हलकी केली नाही. चाळीस वेळा बादली ढवळली, चाळीस ओघळ सोडले. आणि एकाही घरात चुंबकाच्या भोकात चुंबक बसवला नाही. हातड्रिलने जिन्यात आणि भिंतीत आरपार बारीक भोक पाडलं, पितळेची तार घातली, दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद कालवून भरला, वर पुट्टीने सांधा मिटवला, रंगाने झाकला. एक जिना सुकल्यावर मी घर उचलून बघितलं, फक्त जिन्याला धरून. आख्खं घर जिन्याला लटकलं. सुटलं नाही.

वाळूताई हे रोज बघत होती. एक दिवस इपॉक्सी संपलं, तर तिने तिच्या खणातलं न बोलता सरकवलं.

तक्रारी यायला दोन आठवडे लागले. जिना निघत नाही. फासा पडतो, जिना पडत नाही. नियमच मोडतो. मालकाने एक परत आलेला संच माझ्यासमोर आपटला. जिना हलला नाही.

"हे काय आहे?"

"घट्ट बसलाय."

"मला शहाणपणा शिकवू नकोस. शब्द दिला होतास!"

"मध्ये न येण्याचा दिला होता," मी म्हणालो. "मी मध्ये आलोच नाही. मी जिना बसवला."

तो मला कलाकार म्हणाला नाही. नावाने हाक मारून जा म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा. मी ब्रश गुंडाळले. फाइलवाला दारापर्यंत आला. वाळूताईने त्याला सगळं सांगितलं होतं. तो "सॉरी भाऊ" म्हणाला. मी "असू दे" म्हणालो. शेवटी म्हणावंच लागलं.

घरी आईला सांगितलं, "चाळीस घरांतला जिना पक्का केला. आता पडत नाही."

ती कणीक मळत होती. "ज्याचा पडायचा त्याचा पडला," म्हणाली. मग परात पुढे ओढून विचारलं, "नोकरी गेली?"

"हो."

"हात धुऊन ये. जेवून घे."

मला वाटलं होतं, ती काही तरी बोलेल. बरं वाटेल असं काही. नाही बोलली. ती माझं तसं काही देणं लागत नव्हती.

महिन्याभराने फाइलवाल्याने मला एक फोटो पाठवला. का पाठवला देव जाणे, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून. त्याला अक्कल तेवढीच. खेळणाऱ्यांच्या ऑनलाइन कट्ट्यावर कुणीतरी टाकलेला फोटो होता. खाली लिहिलं होतं: 'संच सातच्या जिन्याला वैतागलेल्यांसाठी. बारीक दातांची करवत घ्या, सांध्यात आडवी चालवा. तार आहे, जरा जोर लागतो. दोन मिनिटांत जिना सुटतो. मग स्वतःचा चुंबक लावा.' खाली तीसेक लोकांनी आभार मानले होते.

मी फोटो मोठा करून बघितला. जिना आडवा ठेवलेला. काप स्वच्छ होता, माणसाचा हात चांगला असणार. फक्त कापलेल्या कडेला रेझिनचा राखाडी उघडा पडला होता, आणि तो डोळ्याला खुपत होता. चुना, त्यावर जरा विटकरी, वरून पातळ काळा. तेवढं केलं की झाकलं जाईल.

हे सगळं माझ्या डोक्यात आधी आलं. शिवी नंतर आली.